डिस्कविना चौदा मशिनं आणि लॉकचा घोळ: प्रकल्प नोंदी

सोमवार, १० जून २०२४

सदाशिव पेठेतल्या एका ग्रंथालयाच्या कॉम्प्युटर खोलीचं काम आजपासून माझ्याकडे आलं. चौदा मशिनं आहेत, सगळी असेंबल केलेली, वेगवेगळ्या वर्षांची, आणि एकातही हार्ड डिस्क नाही. जुन्या डिस्क एकेक करून गेल्या तेव्हा आधीच्या माणसाने नव्या न घेता सगळी मशिनं नेटवर्कवरून बूट करायची सोय केली. कल्पना उत्तम आहे. चौदा ठिकाणी अपडेट मारत बसावं लागत नाही, आणि कुणी पेन ड्राइव्हवरून काही आणलंच तरी मशिनात राहायला जागा नाही.

कोपऱ्यात एक सर्व्हर, त्यावर डेबियन १२, आणि एक गिगाबिट स्विच. बटण दाबलं की नेटवर्क कार्डातलं पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडे पत्ता मागतं, टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या रीतीने आयपीएक्सई हा त्याचा थोरला भाऊ उतरवून घेतं, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती मेमरीतली छोटी फाइलसिस्टम) येतात आणि शेवटी एनएफएसवरून, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायच्या सोयीतून, रूट (सगळ्या फाइलींचं मूळ) माउंट होतं, म्हणजे जोडलं जातं. डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही डीएनएसमास्क सांभाळतो. बूट व्हायला फार वेळ लागत नाही. वर अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची मुलं पीडीएफ वाचतात, सराव परीक्षा देतात, त्यांची काहीच तक्रार नाही.

तक्रार देवघेवीच्या काउंटरची. पुस्तकं देण्याघेण्याचा कार्यक्रम पायथनमध्ये कुणीतरी लिहून दिलेला आहे, खाली डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे सगळा डेटा एकाच फाइलीत. तळमजल्यावर ग्रंथपाल काका, वरच्या काउंटरला ताई, दोघंही एकाच फाइलवर काम करतात. काका म्हणाले, "अहो, परवा दिलेलं पुस्तक यादीत नाहीच. आणि तो माणूस स्वतः सांगतोय की मी नेलंय म्हणून!" महिन्याभरात दोनदा कार्यक्रमाने सरळ "डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड" म्हणून हात वर केले आहेत.

वर्गणीची लिब्रेऑफिसमधली शीट मात्र दोन्हीकडून नीट चालते. एकाने उघडली की दुसऱ्याला "ही फाइल अमक्याने उघडली आहे" अशी पाटी येते. त्यामुळे सगळ्यांचं मत असं की नेटवर्क ठीक आहे, पायथनचा कार्यक्रमच भिकार आहे. कार्यक्रम वाचला. देखणा नाही, पण व्यवहार सुरू करणं, बंद करणं जिथल्या तिथे आहे.

मंगळवार, ११ जून

लिब्रेऑफिसचं कोडं आधी सुटलं. ते शीटच्या शेजारी .~लॉक ने सुरू होणारी एक छोटी फाइल बनवतं आणि त्यात उघडणाऱ्याचं नाव लिहून ठेवतं. दुसऱ्या मशिनला ती फाइल दिसते, म्हणून पाटी येते. म्हणजे हे लॉक, एका वेळी एकानेच लिहावं म्हणून लावलेली खूण, नुसत्या फाइलच्या असण्यानसण्यावर चालतं, कर्नलकडे काही मागावं लागत नाही. एसक्यूलाइट तसं करत नाही. ते एफसीएनटीएल या कर्नलच्या सोयीने फाइलच्या ठराविक बाइटांवर लॉक मागतं आणि कर्नलने हो म्हटलं की बिनधास्त लिहितं.

मग कर्नल काय सांगतो ते पाहिलं. खालच्या काउंटरवर फ्लॉक या अख्ख्या फाइलला लॉक लावणाऱ्या आज्ञेने एका रिकाम्या फाइलवर एकट्याचं लॉक लावलं आणि त्याला एक मिनिट झोपवलं. वर जाऊन तीच आज्ञा दिली. थांबायला हवं होतं, लगेच लॉक मिळालं. दोघांनाही वाटतंय फाइल आपलीच. सर्व्हरवर /प्रॉक/लॉक्स ही कर्नलची लॉकची यादी उघडली तर त्या फाइलची ओळच नाही. सर्व्हरपर्यंत कुणी काही बोललेलंच नाही.

क्लायंटच्या, म्हणजे काउंटरच्या मशिनच्या, /प्रॉक/माउंट्समध्ये कारण लिहिलेलं होतं: एनएफएसची आवृत्ती ३, नोलॉक, लोकल_लॉक=ऑल. नोलॉक म्हणजे लॉक नाकारलं जातं असं नव्हे. लॉक दिलं जातं, पण ते त्या मशिनपुरतं. कार्यक्रमाला एररही मिळत नाही, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.

रूटला नोलॉक लागतं याला कारण आहे. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९५ च्या आरएफसी १८१३ या तपशील-दस्तऐवजात, लॉक हा विषयच नाही. त्यासाठी एनएलएम नावाचा वेगळा प्रोटोकॉल आहे आणि कुठलं मशिन रीबूट झालं हे कळवायला एनएसएम हा आणखी एक. पहिला कर्नलमधला लॉकडी बोलतो, दुसऱ्यासाठी स्टॅटडी हा बाहेरचा प्रोग्राम लागतो, शिवाय कुठली सेवा कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणारा आरपीसीबाइंड. आता हे दोन्ही प्रोग्राम राहतात रूटवर, आणि रूट तर अजून माउंट व्हायचंय. कपाटाची किल्ली कपाटातच. म्हणून बूट करताना कर्नल किंवा इनिटरॅमएफएस मुकाट्याने नोलॉक लावतात, आणि ते बरोबरच आहे.

इथे गफलत एवढीच की /होम, म्हणजे वापरणाऱ्यांच्या फाइलींची जागा, त्याच एक्सपोर्टच्या (सर्व्हरने वाटलेल्या फोल्डरच्या) पोटात आहे. वेगळं माउंट नाही, त्यामुळे रूटचं नोलॉक /होमलाही लागू. रीमाउंट करून हा पर्याय बदलता येत नाही. आरओचं (फक्त वाचणं) आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं) होतं, नोलॉकचं लॉक होत नाही. पहिल्यापासूनच वेगळं माउंट करायला हवं.

गुरुवार, १३ जून

/होमचं वेगळं एक्सपोर्ट केलं आणि बाकी काही न बदलता आवृत्ती ३ नेच, पण नोलॉकशिवाय माउंट करून पाहिलं. पहिला निरोप अपेक्षित होता: स्टॅटडी चालू नाही, रिमोट लॉकिंगला तो लागतो, एकतर नोलॉक द्या नाहीतर तो सुरू करा. सुरू केला. मग माउंट झालं, पण लॉक मागितल्यावर "नो लॉक्स अव्हेलेबल", एरर क्रमांक ३७.

सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये माउंट करायला लागणारे १११, २०४९ वगैरे ठराविक पोर्टच उघडे होते. लॉकडी मात्र दर वेळी मिळेल तो पोर्ट घेतो. आरपीसीइन्फोने यादी काढली की १०००२१ या क्रमांकासमोर तो दिसतो, आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की बदलतो. एनएफएस.कॉन्फमध्ये लॉकडी आणि स्टॅटडी दोघांचे पोर्ट ठरवून दिले. लॉकडीसाठी रेड हॅटच्या जुन्या फाइलीत नमुना म्हणून असायचे तेच घेतले, टीसीपीला ३२८०३ आणि यूडीपीला ३२७६९; निदान पुढच्या माणसाला ओळखीचे वाटतील. शिवाय वाट पाहणाऱ्या क्लायंटला "आता तुझा नंबर" हे सर्व्हर उलट फोन करून सांगतो, त्यामुळे क्लायंटच्या बाजूलाही दार उघडं लागतं. एवढं सगळं झाल्यावर दोन मशिनांत लॉक नीट चाललं. एक थांबलं, दुसऱ्याने सोडल्यावर पुढे गेलं.

खरी परीक्षा नंतर. लॉक धरून बसलेल्या मशिनची वायर खेचली. मशिन परत बूट झालं, लॉक सर्व्हरवर तसंच. अर्ध्या तासाने पाहिलं तरी तसंच. एनएसएमची रीत अशी की क्लायंट कुणाकुणाशी लॉकचा व्यवहार आहे ते /व्हार/लिब/एनएफएस/एसएममध्ये टिपून ठेवतो आणि रीबूट झाल्यावर ती टिपणं वाचून "मी मरून परत आलो, माझी लॉक सोडा" असं प्रत्येकाला कळवतो. डिस्क असलेल्या मशिनला हे ठीक. इथे /व्हार मेमरीत ठेवलं की टिपण मशिनबरोबरच जातं आणि निरोप देणारं कुणी उरत नाही. सामायिक रूटवर ठेवलं तर चौदाही मशिनं एकाच डिरेक्टरीत लिहिणार आणि एकमेकांची टिपणं वाचून भलतेच निरोप देणार. प्रत्येक मशिनला सर्व्हरवर स्वतंत्र /व्हार/लिब/एनएफएस द्यायची सोय करता येईल, पण त्या एका डिरेक्टरीसाठी चौदा माउंट सांभाळायची माझी तयारी नाही.

अडकलेलं लॉक सोडवायला सर्व्हरवर /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/अनलॉक_फाइलसिस्टम या फाइलीत एक्सपोर्टचा पाथ लिहिला. सुटलं, पण त्या फाइलसिस्टमवरची इतरांची लॉकही सुटतात. काउंटर चालू असताना हे करणं नको. आवृत्ती ३ चा नाद सोडला.

शनिवार, १५ जून

आज फक्त डेटा. एसक्यूलाइटचा स्वतःची फाइल तपासायचा इंटिग्रिटी_चेक चालवला तर दोन इंडेक्स तुटलेले आणि एका टेबलात पानं उलटसुलट. एसक्यूलाइटच्या शेलमधल्या .रिकव्हरने नवीन फाइल उभी केली आणि जर्नल मोड (अर्धवट राहिलेला व्यवहार सावरायची पद्धत) तपासला. डिलीट निघाला, सुदैव. वाल हा दुसरा मोड असता तर लॉक दुरुस्त करूनही उपयोग नव्हता, कारण वालला सगळ्या वापरणाऱ्यांमध्ये सामायिक मेमरी लागते आणि दोन वेगळ्या मशिनांत ती कुठून आणणार.

गहाळ नोंदी काकांनी लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरमधून वाचून दाखवल्या. कॉम्प्युटर आल्यापासून हे रजिस्टर बंद करा असं समिती त्यांना सांगते आहे. ते करत नाहीत. करूही नये.

मंगळवार, १८ जून

मांडणी बदलली. कुठल्या फाइलसाठी लॉक कुणाकुणात लागतं हे आधी ठरवलं, मग सोपं झालं. रूटवरच्या फाइलींवर दोन मशिनांनी एकाच वेळी लिहायचं कारणच नाही. /होमवर आहे. तेव्हा रूट नोलॉकच राहू द्यायचं, पण फक्त वाचण्यापुरतं. आणि /होम आवृत्ती ४.२ ने.

रूटवर ओव्हरलेएफएस, म्हणजे दोन थर एकावर एक ठेवून एकच दाखवणारी फाइलसिस्टम, घातलं. खालचा थर एनएफएसचा, वरचा मेमरीत राहणाऱ्या टीएमपीएफएसचा. उलट करता येत नाही. एनएफएस वरचा थर म्हणून चालत नाही, ओव्हरलेएफएसला लागणारे विस्तारित गुणधर्म तिथे मिळत नाहीत. एखाद्या प्रोग्रामने /व्हारमधली फाइल लिहायला उघडली की तिची प्रत वरच्या थरात येते आणि लॉक त्या प्रतीवर, त्या मशिनच्या मेमरीत लागतं. जे लॉक मशिनपुरतंच असायला हवं होतं ते खरोखर मशिनपुरतं झालं. अपडेट मारायचं ते सर्व्हरवर सीएचरूट करून, म्हणजे त्या रूटच्या आत शिरून. इनिटरॅमएफएसमधली स्क्रिप्ट छोटीच आहे, सर्व्हरवर /रूट/टिपणं मध्ये ठेवली आहे.

डेबियनच्या इनिटरॅमएफएसमधला एनएफएसमाउंट आवृत्ती ४ बोलतच नाही, त्याला दोन आणि तीनच येतात. रूट ४ वर न्यायचं असतं तर ड्रॅकट हा इनिटरॅमएफएस बनवणारा दुसरा प्रोग्राम आणावा लागला असता. गरज नाही.

आवृत्ती ४ मध्ये लॉक प्रोटोकॉलच्या आतच आहे. लॉकडी नाही, स्टॅटडी नाही, १११ नाही, एकटा २०४९. क्लायंट ठराविक मुदतीत आपण जिवंत असल्याचं कळवत राहतो, लिनक्सवर ही मुदत मुळात ९० सेकंदांची असते, आणि कळवणं थांबलं की त्याच्या लॉकवरचा हक्क जातो. वायर खेचलेल्या मशिनला निरोप पाठवायची गरज उरत नाही, गप्प बसणं हाच निरोप. डिस्क नसलेल्या मशिनला याहून सोयीचं काय असणार? फायरवॉलमधले कालपरवा उघडलेले पोर्ट परत बंद केले.

दोन काउंटरवर तपासलं. लॉक लागलं, थांबलं, सुटलं. सर्व्हरच्या /प्रॉक/लॉक्समध्ये ओळ दिसली.

गुरुवार, २० जून

ताईंचा सकाळीच फोन. "दादा, आज तर उघडतच नाहीये. डिस्क आय/ओ एरर म्हणतंय. डिस्क तर नाहीये ना आपल्याकडे?"

गेलो तेव्हा वरची सगळी मशिनं चालू होती. दोन काउंटर चालू असताना आलबेल, वरच्या मुलांनी मशिनं लावली की बिघाड. खालच्या मशिनच्या कर्नल लॉगमध्ये "लॉक रीक्लेम फेल्ड" ही ओळ पुन्हा पुन्हा. लॉक हरवल्यावर कर्नल मुद्दाम लिहू देत नाही, इआयओ, म्हणजे आय/ओ एरर, परत करतो. रिकव्हर_लॉस्ट_लॉक्स नावाचं मॉड्यूल पॅरामीटर चालू केलं तर तो हरवलेलं लॉक परत मागून पुढे जातो, पण मधल्या वेळात दुसऱ्याने लिहिलेलं असू शकतं. ते बंदच असतं आणि बंदच असावं. खाली एसक्यूलाइटने एरर देऊन थांबणं हे नोंद हरवण्यापेक्षा कितीतरी बरं. काकांनाही तसं सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

संशय आधी वायरींवर. इथटूलने काउंटरांच्या कार्डांवरच्या एरर पाहिल्या, शून्य. तरी दोन पॅच कॉर्ड तपकीर गल्लीतून नवीन आणून लावल्या, कारण जुन्यांच्या क्लिपा तुटलेल्या होत्या. फरक शून्य. स्विचही निर्दोष.

शुक्रवार, २१ जून

सापडलं. आणि सापडलं ते सर्व्हरवर.

लिनक्स कर्नल ५.३ पासून /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्स अशी डिरेक्टरी असते. जोडलेल्या प्रत्येक आवृत्ती ४ क्लायंटची त्यात एक क्रमांकाची डिरेक्टरी, तिच्या आत इन्फो नावाची फाइल. वरती सगळी मशिनं चालू होती, त्यामुळे चौदाच्या आसपास दिसायला हव्यात. दिसली एक. इन्फो उघडली. पत्ता खालच्या काउंटरचा, नाव "लिनक्स एनएफएसव्ही४.२ डेबियन". परत उघडायला गेलो तर ती डिरेक्टरीच नाहीशी, तिच्या जागी पुढच्या क्रमांकाची. नाव तेच, पत्ता वरच्या खिडकीजवळच्या मशिनचा. वॉच लावून पाहत बसलो. नाव हलत नव्हतं, पत्ता दर काही सेकंदांनी बदलत होता.

चौदा मशिनं सर्व्हरला एकच माणूस वाटत होती.

आवृत्ती ४.१ पासून क्लायंट पहिल्या भेटीत, म्हणजे एक्स्चेंज_आयडीत, दोन गोष्टी देतो. एक, स्वतःची कायमची ओळख, जी रीबूटनंतरही तीच राहावी अशी अपेक्षा असते. दुसरी, व्हेरिफायर, जो दर बूटला बदलतो. ओळख तीच पण व्हेरिफायर वेगळा दिसला की सर्व्हर समजतो की क्लायंट रीबूट होऊन आला. जुनी सेशनं, उघड्या फाइली, लॉक, सगळं टाकून देतो. तसा नियमच आहे. लिनक्सचा क्लायंट ही ओळख बनवतो आवृत्ती आणि होस्टनेम जोडून. इथे रूट एक, म्हणून /इटीसी/होस्टनेम एक, म्हणून सगळ्या मशिनांचं नाव डेबियन. खिडकीजवळचं मशिन आलं की सर्व्हर काउंटरचं सगळं फेकून देतो. काउंटरला पुढच्या विनंतीवर "बॅड सेशन" मिळतं, तो परत ओळख देतो, आता खिडकीवाल्याचं फेकलं जातं. सगळी मशिनं एकमेकांना दिवसभर हाकलत होती. नुसतं वाचणाऱ्याला थोडा खोळंबा जाणवतो, लॉक धरणाऱ्याचं लॉक जातं.

केर्बेरोस (किल्ल्यांनी ओळख पटवायची पद्धत) असतं तर प्रत्येक मशिनची किल्ली वेगळी असल्यामुळे सर्व्हरने "ही ओळख दुसऱ्याची आहे" असा एरर तरी दिला असता. ऑथ_सिस या साध्या पद्धतीत सगळ्यांचा रूट वापरकर्ता तो रूटच, संशय घ्यायला जागाच नाही.

हे कर्नलच्या दस्तऐवजात क्लायंट आयडेंटिफायरच्या पानावर लिहिलेलं आहे, आणि एनएफएसवरून रूट घेणाऱ्या डिस्कलेस मशिनांचं उदाहरण देऊनच. तिथपर्यंत पोचायला आधी शंका यायला लागते एवढंच.

मंगळवार, २५ जून

उपाय दोन, दोन्ही केले.

होस्टनेम वेगळं हवंच, ते लॉकसाठी नसलं तरी लॉग वाचताना कोण बोलतंय हे कळायला. कर्नलच्या कमांड लाइनवर सिस्टमडी.होस्टनेम देता येतं आणि ते /इटीसी/होस्टनेमवर मात करतं. दुसरा, एनएफएस मॉड्यूलचं एनएफएस४_युनिक_आयडी हे पॅरामीटर. ते दिलं की ओळखीच्या मजकुरात होस्टनेमच्या आधी ही खूण बसते. पहिलं आवृत्ती ४ चं माउंट होण्याआधी ते बसलेलं असायला हवं, म्हणून तेही कमांड लाइनवरच. मॉड्यूल चढवणारा मोडप्रोब कमांड लाइन वाचतो, त्यामुळे इनिटरॅमएफएसमध्ये वेगळं काही करावं लागत नाही. बूट झाल्यावर /सिस/मॉड्यूल/एनएफएस/पॅरामीटर्समध्ये खात्री करता येते.

खूण कशाची घ्यायची यावर जरा वेळ गेला. आयपीएक्सईला मदरबोर्डचा यूयूआयडी हा ओळख-क्रमांक वाचता येतो, पहिला विचार तोच. चौदाही मशिनांचे छापून पाहिले. चार मशिनांचा यूयूआयडी ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. ज्यांनी स्वस्त बोर्ड हाताळलेत त्यांना हा आकडा ओळखीचा असेल. कारखान्यात कुणी खरा आकडा भरलाच नाही की बायोसमध्ये हाच राहतो. ही खूण घेतली असती तर दहा मशिनं सुधारली असती आणि चार आपसात भांडत राहिली असती. ते शोधणं पहिल्यापेक्षा अवघड.

दर बूटला नवीन यादृच्छिक आकडा घेणं सगळ्यात सोपं, टक्कर कधीच नाही. पण मग वायर खेचलेलं मशिन परत येतं ते अनोळखी म्हणून, आणि त्याचं जुनं लॉक मुदत संपेपर्यंत पडून राहतं. ओळख तीच आणि व्हेरिफायर नवा असेल तर सर्व्हर त्याच क्षणी जुनं साफ करतो. आपल्याला छळणारा नियम इथे आपल्याच बाजूने आहे, तो का सोडायचा?

मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, घेतला. आयपीएक्सईच्या स्क्रिप्टमध्ये मॅकचा हेक्सहिप हा आकार वापरला, म्हणजे कोलनऐवजी मधे आडव्या रेघा येतात. सगळ्या मशिनांना एकच स्क्रिप्ट पुरते. होस्टनेम डीएनएसमास्कच्या डीएचसीपी-होस्ट ओळींमधून, आयपीएक्सईला ते डीएचसीपीतून आयतंच मिळतं. नेटवर्क कार्ड बदललं तर ओळख बदलेल, चालेल.

सगळी मशिनं लावली. क्लायंट्समध्ये चौदा डिरेक्टऱ्या, चौदा नावं, पत्ते स्थिर.

गुरुवार, २७ जून

दुपारी पाऊस आणि वीज गेली. सर्व्हरचा यूपीएस टिकला नाही, बॅटरी बदलायला झाली आहे हे समितीच्या कानावर घातलं. वीज आल्यावर सगळं एकदम उठलं. काउंटरचा कार्यक्रम उघडला, पण पहिलं पुस्तक नोंदवताना अडकून बसला. काका: "झालं परत सुरू."

हा बिघाड नव्हे. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर आधीच्या क्लायंटना आपापली लॉक परत मागायला सवड देतो, ग्रेस पीरियड, हाही मुळात ९० सेकंदांचा. तोवर नवीन लॉक कुणाला नाही. दीड मिनिटाच्या आत नोंद झाली. एनएफएस.कॉन्फमधून ही सवड कमी करता येते, पण लीजची, म्हणजे जिवंत असल्याचं कळवायची, मुदतही त्याबरोबर खाली आणावी लागेल, आणि स्विच जरा रेंगाळला की क्लायंट मेल्यात जमा होतील. आहे तसं ठेवलं. काउंटरच्या मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: वीज जाऊन आल्यावर दोन मिनिटं थांबावे. पुण्यात पाटी लावली की लोक वाचतात.

वायर खेचायचा प्रयोगही उरकून घेतला. लॉक धरलेलं मशिन बंद पाडलं आणि मुद्दाम परत चालू केलं नाही. मुदत उलटल्यावर इन्फोमध्ये त्याची स्थिती "कर्टसी" अशी झाली. नवे लिनक्स सर्व्हर, ५.१९ पासून, मुदत संपली म्हणून लगेच सगळं फेकत नाहीत. दुसऱ्या कुणाला त्याच लॉकची गरज पडेपर्यंत ठेवून घेतात. वरच्या काउंटरने लॉक मागितलं तसं मिळालं.

सोमवार, १ जुलै

दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला, ग्रंथालय बंद. रस्ते बंद व्हायच्या आत पोचलो आणि खोली दिवसभर एकट्याला मिळाली.

सगळ्या मशिनांवर एकच स्क्रिप्ट सोडली: लॉक घे, फाइलीतला आकडा वाच, एक मिळव, लिही, लॉक सोड. शेवटचा आकडा सगळ्यांच्या फेऱ्यांच्या बेरजेइतका यायला हवा. आला. मग लॉकची ओळ काढून तेच केलं, आकडा फारच कमी आला. यात एनएफएसच्या कॅशचाही हात आहे. क्लायंट लॉक घेताना आपली साठवलेली प्रत टाकून सर्व्हरकडून ताजी घेतो, आणि सोडताना लिहिलेलं सगळं आधी सर्व्हरला पोचवतो. लॉकच नसेल तर प्रत्येक जण आपल्याजवळची शिळी प्रत वाचून तिच्यात एक मिळवत बसतो. देवघेवीच्या नोंदी अशाच जात होत्या.

शुक्रवार, ५ जुलै

रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट १८ जूनपासून पडते आहे हे आज मेलच्या ढिगात दिसलं. ती वरच्या काउंटरच्या मशिनवरून चालते. "फ्लॉक: ९: बॅड फाइल डिस्क्रिप्टर".

लिनक्सवर एनएफएसच्या फाइलीवर फ्लॉक मागितलं की क्लायंट त्याचं रूपांतर अख्ख्या फाइलवरच्या एफसीएनटीएल लॉकमध्ये करतो, आणि एकट्याचं एफसीएनटीएल लॉक लावायला फाइल लिहिण्यासाठी उघडलेली असावी लागते. स्क्रिप्टने ९ या डिस्क्रिप्टर क्रमांकावर (उघड्या फाइलीला मिळणारा क्रमांक) ती फक्त वाचायला उघडली होती. नोलॉक असताना लॉक मशिनपुरतं होतं, म्हणून खपून जायचं. माझ्या हातच्या चाचण्यांत हे का दिसलं नाही? तिथे फ्लॉकला क्रमांक न देता फाइलचं नाव देत होतो. नाव दिलं की हा एरर आल्यावर फ्लॉकची आज्ञा स्वतःच फाइल लिहिण्यासाठी परत उघडून पाहते. क्रमांक दिला तर तिच्या हातात काही नाही. वाचण्याच्या खुणेऐवजी शेवटी जोडण्याची खूण टाकली, स्क्रिप्ट चालली.

तरी बॅकअप काउंटरवरून घ्यायचं कारण नाही, फाइल सर्व्हरवरच आहे. पण तिथे फ्लॉक चालणार नाही. क्लायंटचं लॉक सर्व्हरवर एफसीएनटीएलचं म्हणून लागतं, आणि सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामने मागितलेलं फ्लॉक त्याकडे बघतही नाही. दोघांनाही लॉक मिळतं. एसक्यूलाइटचं स्वतःचं .बॅकअप मात्र एफसीएनटीएल वापरतं, त्याला काउंटरचं लॉक दिसतं आणि ते थांबतं. आज रात्रीपासून सर्व्हरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीत) तेच, काउंटरची स्क्रिप्ट काढून टाकली. प्रत घेतल्यावर तिच्यावर इंटिग्रिटी_चेक चालतो आणि "ओके" सोडून काही आलं तर मेल येतो.

पुढच्या आठवड्यात यूपीएसची बॅटरी येते आहे. दोन जुनी मशिनं एका देणगीदाराकडून मिळणार आहेत म्हणे. त्यांचा मॅक पत्ता डीएनएसमास्कच्या फाइलीत घालायचा, बाकी काही करायचं नाही. चालू केल्यावर क्लायंट्समध्ये सोळा दिसताहेत का तेवढं पाहायचं.